नेरूरकरांची एकोणसत्तरची शेव्हेल

गुरुदत्त नेरूरकरला खरं तर गाडीचा फक्त हॉर्न बदलायचा होता. टेक्ससमधल्या अर्विंग गावच्या जुन्या मराठी मंडळींत आजही हा विषय निघाला की तो पहिल्यांदा एवढंच सांगतो. मग त्याची बायको वसुधा स्वयंपाकघरातून नुसतं "फक्त!" म्हणते आणि मंडळी खुर्च्या पुढे ओढतात.

साल चौऱ्याऐंशी. त्या काळी टेक्ससमध्ये मराठी माणूस इतका दुर्मिळ होता की फोनबुकात 'कर'ने संपणारं आडनाव दिसलं की लोक फोन लावून "तुम्ही आपले का?" असं बिनदिक्कत विचारत. जगन्नाथरावांनी सगळं मराठी मंडळ असंच उभं केलं होतं. त्यात एकदा एक तुर्की गृहस्थही आले. पुढे ते दोन वर्षं दिवाळीला येत राहिले आणि चकल्या आवडीने खात.

तर गाडी. गाडी होती एकोणसत्तरची शेव्हेल. दोन दारं, लांबलचक नाक, आणि त्या नाकाखाली असं इंजिन की ते चालू झालं की शेजारच्यांच्या कपाटातली कपबशी वाजायची. अमेरिकेत अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. मूळ रंग लाल असावा. गुरुदत्तने विकत घेतली तेव्हा तो जुन्या विटेसारखा झाला होता. वसुधाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिचं काय करायचं?"

"चालवायची."

"आणि स्टेशन वॅगन?"

"ती पण चालवायची."

वसुधाला कारण ठाऊक होतं. कारणाचं नाव पुरुषोत्तम हळबे.

अडुसष्ट साली पुरुषोत्तम आणि गुरुदत्त टेक्ससमधल्याच लबकच्या विद्यापीठात शिकायला आले, तेव्हा दोघं एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायचे. खालच्या ड्रायरमुळे खोली बारा महिने गरम असे आणि दोघांच्या कपड्यांना साबणाचा वास येई. कपडे धुतलेले असोत वा नसोत. शुक्रवारी संध्याकाळी गावातली पोरं आपापल्या गाड्या काढून मुख्य रस्त्यावर नुसतीच इकडून तिकडे फिरायची. कुठे जायचं नाही, काही आणायचं नाही. हे दोघं फुटपाथच्या कडेला बसून एक कोक दोघांत पीत ती मिरवणूक बघायचे. त्या इंजिनांचा आवाज कानांपेक्षा बरगड्यांना आधी ऐकू यायचा. "गुर्‍या, एक दिवस..." पुरुषोत्तम म्हणायचा आणि वाक्य तिथेच सोडायचा. पुढचं दोघांनाही कळत असे.

मग तो एक दिवस राहून गेला. डिग्र्या झाल्या, नोकऱ्या लागल्या, ग्रीन कार्डं आली, लग्नं झाली. दोघांनीही बदामी रंगाच्या, चार दारांच्या, शहाण्या गाड्या घेतल्या. गुरुदत्त पुलांची गणितं करू लागला, पुरुषोत्तम औषधांच्या कंपनीत गोळ्यांचं रसायन बघू लागला. घरं मोटारीने दहा मिनिटांवर, तरी भेट व्हायची ती मंडळाच्या कार्यक्रमात, आणि तिथे बोलणं व्हायचं ते मॉर्गेजवर, म्हणजे घरकर्जावर. अशात उन्हाळ्यात एकदा पुरुषोत्तमचा फोन आला. नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी नावाच्या गावाजवळ मोठी नोकरी मिळाली होती. सप्टेंबरअखेर तो आणि त्याची बायको प्रतिमा निघणार होते.

गुरुदत्तने "अरे वा, काँग्रॅट्स" म्हटलं, फोन ठेवला, आणि पुढच्याच आठवड्यात शेव्हेल घरी आणली. निरोपाचं जेवण नेरूरकरांकडे ठरलं होतं, सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी दुपारी, सगळं मंडळ बोलावून, जगन्नाथरावांच्या भाषणासकट. त्याच्या आधी पुरुषोत्तमला शेजारी बसवून हायवेवर एक फेरी मारायची, एवढाच बेत. तोही त्याने कुणाला सांगितला नव्हता. गाडी पळत होती, ब्रेक लागत होते. फक्त हॉर्न दाबला की सर्दी झालेल्या बोकडासारखा आवाज यायचा.

"एवढ्या गाडीला हा आवाज शोभत नाही," गुरुदत्तने जाहीर केलं आणि जेवणाला चार आठवडे असताना एका शनिवारी सकाळी दुकानातून नवा, दोन सुरांचा हॉर्न आणला. तासाभराचं काम, असं दुकानातला माणूस म्हणाला होता. दुकानातली माणसं असं का म्हणतात हा संशोधनाचा विषय आहे.

हॉर्न होता पुढच्या जाळीच्या मागे. जाळी होती स्क्रूंवर. स्क्रू गंजलेले होते. गुरुदत्तने पहिल्या स्क्रूला हळुवार पीळ दिला, स्क्रूने मान टाकली. म्हणजे मान हातात आली आणि धड आतच राहिलं. पुढच्या स्क्रूला त्याने जोर लावला, तेव्हा स्क्रू शाबूत राहिला आणि जाळीचा कोपरा तुटला.

"मी तुझ्या जागी असतो," शेजारून आवाज आला, "तर आधी तेल सोडलं असतं."

हे मिस्टर हॉलिस. विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची घडीची खुर्ची कुंपणाशी कायम मांडलेली असे आणि हातात आइस्ड टीचा ग्लास. उभ्या आयुष्यात त्यांनी पान्याला हात लावला नसावा. पण दुसऱ्याच्या जागी ते सतत असत.

संध्याकाळी जगन्नाथराव आले. ते मंडळाचे अध्यक्ष, व्यवसायाने अकाउंटंट. मोटारींतलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता, कारण नागपूरला त्यांच्या साहेबांची अँबॅसडर होती आणि तिच्या मागच्या सीटवर ते दोनदा बसले होते.

"जाळी काढलीच आहेस, तर रेडिएटर साफ करून घे," ते म्हणाले. "पुन्हा थोडीच काढणार आहेस?"

हे बोलणं इतकं तर्काला धरून होतं की गुरुदत्तमधल्या इंजिनियरला ते पटलं. घरगुती सुधारणांत माणसाचा घात मूर्ख सल्ल्याने होत नाही. तो ओळखता येतो. घात होतो तो असा, तर्काला धरून. गुरुदत्तने रेडिएटरची रबरी नळी ओढली. पंधरा वर्षं इमानाने चिकटून बसलेली ती नळी मधोमध फाटली आणि हिरवंगार पाणी ड्राइव्हवेवरून, कुंपणाखालून, मिस्टर हॉलिस यांच्या हिरवळीवर गेलं. घाबरून त्याने बागेच्या पाइपने सगळं धुऊन काढलं. म्हणजे उरलेलंही तिकडेच पाठवलं. आठवड्याभरात तिथलं गवत टेक्ससच्या नकाशाच्या आकारात पिवळं पडलं.

मिस्टर हॉलिस यांनी खुर्ची थोडी बाजूला घेतली आणि बराच वेळ नकाशा न्याहाळला. "मी तुझ्या जागी असतो," शेवटी ते म्हणाले, "तर आज मला आइस्ड टी पाजला असता."

गुरुदत्तने पाजला. वसुधाने त्यात सवयीने आलं घातलं. मिस्टर हॉलिस यांना ते इतकं आवडलं की पुढे ते रोज येऊ लागले.

आता गाडी चार स्टँडांवर चढली होती आणि बॉनेट गॅरेजच्या भिंतीला टेकून उभं होतं. नळी आली, जाळीचा कोपरा चिकटवून झाला. हॉर्न अजून खोक्यातच. याच सुमारास दहा वर्षांची पद्मजा एकदा गाडीत बसली. बापाच्या छंदात तिने आपणहून रस घेतल्याचा गुरुदत्तला कोण आनंद झाला. तो टिकला नाही.

"डॅड," ती पायाखालचं कार्पेट उचलून म्हणाली, "आय कॅन सी द ड्राइव्हवे."

ड्रायव्हरच्या पायांखाली पत्रा गंजून थाळीएवढं भोक पडलं होतं. दुसऱ्या कुणी तिथे पत्र्याचा तुकडा ठोकून काम संपवलं असतं. पण गुरुदत्त पुलांचा माणूस. त्याने ड्रायव्हरचं वजन धरलं, ब्रेकवर दाबला जाणारा पाय धरला, नको तितका सुरक्षिततेचा गुणक धरला, आणि उत्तर आलं ते आणलं: पोलादाची चांगली जाड प्लेट, चारी बाजूंनी रिव्हेट मारून पक्की केलेली. त्या जागेवरून आता एखादा छोटा हत्ती गाडी चालवू शकला असता. फक्त हत्ती बारीक हवा होता, कारण प्लेटची कड सीटच्या रुळावर चढली होती आणि सीट पार पुढे जाऊन अडकली होती. गुरुदत्त सहा फुटांना दोन बोटं कमी. तो बसला तेव्हा स्टीअरिंग छातीला आणि गुडघे कानांशी आले.

"योगासनाला चांगली आहे," वसुधा म्हणाली.

"रिव्हेट काढून पुन्हा मारीन. पुढच्या आठवड्यात."

पण पुढच्या आठवड्यात दाराला एक केशरी कागद चिकटलेला मिळाला. सिटीने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, कळवलं होतं की रस्त्यावरून दिसेल अशा जागी एक निकामी वाहन पडून आहे. त्यावर चालू वर्षाच्या तपासणीचा स्टिकर नाही. सोमवारपर्यंत स्टिकर लावा, नाहीतर वाहन उचलून नेण्यात येईल. निकामी वाहनासाठी त्यांनी वापरलेला शब्द होता 'जंक'.

गुरुदत्त तो शब्द घेऊन तडक सिटीच्या ऑफिसात गेला. काउंटरमागे एक अतिशय गोड बाई होत्या. टेक्ससमधल्या बायकांचा हा गोडवा भल्याभल्यांना नि:शस्त्र करतो.

"ही गाडी जंक नाही," गुरुदत्त म्हणाला. "ती क्लासिक आहे."

"नक्कीच असेल, हनी. चालते का?"

"चालायची. मी सुधारणा सुरू करण्यापूर्वी."

बाईंनी सहानुभूतीने मान हलवली. "माझ्या नवऱ्याची बोट आहे अशी," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत स्टिकर आणा."

शनिवारी निरोपाचं जेवण आणि सोमवारी मुदत! गुरुदत्तने उरलेल्या संध्याकाळी गाडीखाली काढल्या. चाकं जमिनीला लागली, बॉनेट बसलं, नवा हॉर्नही एकदाचा बसला. प्लेटचे रिव्हेट काढायचे मात्र राहिले. प्लेट त्याने फारच पक्की बसवली होती. पुलांच्या बाबतीत हा गुण समजतात.

शनिवारी सकाळी घरात पुऱ्यांची कणीक मळली जात असताना तो गुडघे कानांशी धरून तपासणीला निघाला. तपासणी कोपऱ्यावरच्या एका पेट्रोल पंपावर व्हायची. तिथला माणूस च्युइंग गम चघळत आला. त्याने गाडीकडे पाहिलं, मग गाडीत घडी होऊन बसलेल्या गुरुदत्तकडे पाहिलं. चघळणं थांबलं.

"आरामात आहात ना, सर?"

"अगदी."

"दिवे लावा. ठीक. ब्रेक. ठीक. हॉर्न."

गुरुदत्तने रुबाबात हॉर्न दाबला. आवाज आला नाही. पुढे डाव्या बाजूचा पिवळा दिवा लागला.

माणसाने दिव्याकडे पाहिलं. "हॉर्न, सर."

पुन्हा दिवा.

"बरं. डावा सिग्नल द्या."

गुरुदत्तने दांडी खाली केली, आणि चार आठवडे खोक्यात दम धरून बसलेला तो दोन सुरांचा हॉर्न सिग्नलच्या ठेक्यात गर्जू लागला. पों! ...पों! ...पों! रस्त्यापलीकडच्या चर्चच्या आवारातून माणसं बाहेर आली. गुरुदत्तने गडबडून दांडी वर केली, तर उजवा सिग्नल मुकाट्याने लागला. तपासणीच्या माणसाने आतल्या दोघांना हाका मारून बोलावलं आणि विनंती केली, "सर, ते डावीकडचं पुन्हा एकदा कराल का?"

गुरुदत्तच्या स्वाभिमानाला याहून खोल जखम त्या महिन्यात तरी झाली नव्हती. पण त्याचं डोकं शाबूत होतं. पुढच्या तारा जोडताना हॉर्नची आणि दिव्याची अदलाबदल झाली, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. "पाच मिनिटं द्या," तो म्हणाला, गाडीतून स्वतःला एकेक अवयव करून बाहेर काढलं, बॉनेट उघडलं, आत वाकला आणि दोन्ही तारा आपापल्या जागी लावल्या. हॉर्न वाजला. दिवा लागला. तिघांनी टाळ्या वाजवल्या. काचेवर स्टिकर लागला.

आणि गुरुदत्तला सरळ होता येईना.

कमरेत काहीतरी कटकन झालं होतं. तो तसाच, काटकोनात, पंपावरच्या फोनपर्यंत गेला आणि घरी फोन लावला.

वसुधा आली ती पुरुषोत्तमच्या गाडीतून. पुरुषोत्तम लवकर आला होता. 'जेवणाआधी ये, काम आहे' एवढंच गुरुदत्तने त्याला सांगून ठेवलं होतं. दोघं उतरले तेव्हा गुरुदत्त पेट्रोलच्या पंपाला धरून जमिनीशी बोलत असल्यासारखा उभा होता. पुरुषोत्तमने आधी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याची नजर शेव्हेलवर गेली आणि तिथेच राहिली.

"गुर्‍या," तो म्हणाला. "ही कुणाची?"

"आपली," गुरुदत्त जमिनीकडे बघत म्हणाला. "तुला फिरवायचं होतं. जायच्या आधी."

पुरुषोत्तमने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग गाडीच्या छपरावर हात ठेवून नुसता उभा राहिला.

"भावजी, तुम्ही चालवा," वसुधा म्हणाली. "यांना मागे घालू."

पुरुषोत्तमने आत डोकावलं. "वहिनी, हिला गिअर आहेत. मी जन्मात ऑटोमॅटिकशिवाय चालवली नाही. आणि या सीटवर मी मावणार कसा?"

मग वसुधाने पर्स पुरुषोत्तमच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. पाच फुटांची वसुधा त्या जागी अशी बसली की जणू सीट तिच्या मापानेच अडकवली होती. तिने क्लच दाबला, गिअरची दांडी चारही घरांत फिरवून पाहिली आणि किल्ली फिरवली. बरगड्यांना आधी ऐकू येणारा तो आवाज पंपावर घुमला.

"तुला गिअरची गाडी येते?" गुरुदत्त काटकोनातून ओरडला.

"बाबा आलापल्लीला फॉरेस्टमध्ये होते ना. जीप होती. पावसाळ्यात ड्रायव्हर गावी पळायचा, मग मीच चालवायची. नाल्यातून पण."

"अकरा वर्षांत कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत?" वसुधा म्हणाली. "इथे आल्या दिवशी तुम्ही मला पार्किंग लॉटमध्ये नेलंत आणि ब्रेक म्हणजे काय ते समजावलंत. एवढं मनापासून समजावत होतात, म्हटलं ऐकून घ्यावं."

पुरुषोत्तमची गाडी पंपावरच ठेवायची ठरली. गुरुदत्तला मागच्या सीटवर चढवणं हे काम तिघा तपासणीवाल्यांनी आणि पुरुषोत्तमने मिळून केलं. सोफा जिन्यातून वर नेतात तसं, तिरका करून. अखेर तो मागे आडवा झाला. पुरुषोत्तम पुढे वसुधाशेजारी बसला, मांडीवर पर्स घेऊन.

वसुधाने गाडी घराच्या उलट दिशेला काढली, एकशेचौदा नंबरच्या हायवेला. त्या वेळी ग्रेपव्हाइन गावाकडे जाताना अजून मोकळी कुरणं होती. आता तिथे काचेच्या इमारती आहेत. तेव्हा गवत होतं, काटेरी तार होती, आणि आभाळ भरपूर होतं. गुरुदत्तला फक्त आभाळच दिसत होतं. आभाळ, विजेच्या तारा, आणि वसुधाचा सैल होत चाललेला अंबाडा. खिडक्या उघड्या होत्या. तिसरा गिअर पडला तेव्हा मागची सीट त्याच्या दुखऱ्या कमरेसकट थरथरली आणि त्याला हसू आलं. हसताना कळ आली, तरी तो हसत राहिला.

"पुरश्या, मला काही दिसत नाहीये. सांग की काय चाललंय!"

पुरुषोत्तमने घसा साफ केला. "डावीकडे गायी आहेत. बऱ्याच. एक आपल्याकडे बघतेय. उजवीकडे पाण्याची टाकी, त्यावर कुठल्याशा हायस्कुलाचं नाव लिहिलंय. आता एक पिकअप मागे पडला. त्यातल्या म्हाताऱ्याने आपल्याला बघून हॅट काढली, गुर्‍या! वहिनींना वाटतं."

"मग?"

"मग एक चर्च. बाहेर पाटी. शनिवारी मासे तळणार आहेत. मग परत गायी."

"मग?"

गुरुदत्त वाट बघत राहिला. वाऱ्याचा आवाज होता, इंजिनाचा होता. पुढच्या सीटवर पुरुषोत्तमने पर्स घट्ट धरली होती आणि तो काचेतून समोर बघत होता, लबकच्या फुटपाथवर बघायचा तसा.

"मग काही नाही रे," तो म्हणाला. "रस्ता आहे. सरळ."

"कॅरीला पण असतील रे रस्ते," गुरुदत्त आभाळाला म्हणाला.

"असतील."

"फोन करत जा. मॉर्गेजबद्दल बोलणार असशील तर मात्र करू नको."

पुरुषोत्तमने हात मागे केला. गुरुदत्तला तो दिसला नाही, पण खांद्यावर कळला. बराच वेळ तिथेच होता.

पुढे वळायची जागा आली, जिथून उलटं फिरून घरी जाता आलं असतं. घरी पुऱ्या होत्या, श्रीखंड होतं. सगळं मंडळ दिवाणखान्यात बसलं असणार होतं. वसुधाने वेग कमी केला.

"भावजी, वळू का? मंडळी थांबली असतील."

पुरुषोत्तमने घड्याळाकडे पाहिलं. "जगन्नाथरावांचं भाषण आहे ना?"

"आहे. प्रतिमाने पाहिलंय, त्यांनी टाइप करून ठेवलंय. तुमच्या जन्मापासून सुरू होतं."

"जेवणाआधी की नंतर?"

"आधी."

"मग एवढ्यात नको," तो म्हणाला.

वसुधाने मान डोलावली आणि चौथा गिअर टाकला.